पाण्यावरचे गाव, बोरूचे घर

गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एक खाला इराकच्या जियारतीला जाऊन आल्या. बगदादला गौसे आजमचा दरगाह, मग नजफ, करबला आणि शेवटी हजरत हसन बसरी यांच्या मजारीसाठी बसरा, असा त्यांच्या टूरवाल्याचा बेत होता. परत आल्यावर खजूर वाटून झाले, फोटो दाखवून झाले. पण खाला सगळ्यात जास्त बोलल्या त्या बसऱ्याच्या वाटेवर बस जिथे चहाला थांबली त्या जागेबद्दल. "आत गेले तर वाटलं, एखाद्या जुन्या मशिदीत आले. एकामागे एक कमानी. आणि हात लावून बघितला तर काय, नुसतं गवत! ना वीट, ना लाकूड, ना खिळा. मला सांग, पहिल्या पावसात वाहून जात नसेल का ते?"

पावसाचे उत्तर सोपे आहे. दक्षिण इराकमध्ये वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा आपल्या कोकणात जुलैच्या एका दांडग्या दिवसात पडून जातो. पण खालांच्या प्रश्नाने आमच्या डोक्यात भुंगा सोडला. गवताचे घर असे किती टिकणार, आणि ते बांधणारी माणसे कोण? यंदाचे हे पान त्यांच्यासाठी.

दजला आणि फुरात ही नावे आपल्या घराघरांत लहानपणापासून कानावर पडतात. मुहर्रम आला की फुरातचे पाणी आपल्याकडेही आठवले जाते. या दोन्ही नद्या तुर्कस्तानच्या डोंगरांतून निघतात आणि इराकच्या दक्षिणेला येईपर्यंत जमीन इतकी सपाट होते की पाण्याला धड उतारच मिळत नाही. मग ते पसरते. कुर्ना या गावापाशी दोघी एकत्र येऊन शत्तुल अरब होतात, पण त्याआधी मैलोन्‌मैल नुसती तळी, दलदल आणि माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचा बोरू. अशा पाणथळ तळ्याला तिथले लोक 'हौर' म्हणतात. हवीजा, मधला हौर आणि हम्मार असे तीन मोठे हौर. १९७० च्या सुमारास हा सारा प्रदेश मिळून ९,००० चौरस किलोमीटरच्या आसपास भरत होता. हम्मार तळ्याच्या उत्तर काठाला, फुरातच्या पाण्यात चिबायिश नावाचे गाव आहे. आम्ही मुख्यतः त्याच गावाबद्दल आणि आसपासच्या वस्त्यांबद्दल बोलणार आहोत.

चिबायिश हे नावच तिथल्या घरांवरून पडले आहे. 'चिबाशा' म्हणजे माणसाने हाताने बनवलेले बेट. जमीन नाही, तर मग जमीन बनवायची! आधी पाण्यातच बोरूचे कुंपण उभे करतात. आत कापलेला बोरू आणि पाणगवत टाकत जायचे, पायाने तुडवत जायचे. हा ढीग पाण्याच्या वर आला की कुंपणाचे उभे बोरू मोडून आत आडवे करायचे आणि पुन्हा वर थर द्यायचे. तळातला चिखल काढून त्यावर लिंपला की बेट पक्के होते. असे थर वर्षानुवर्षे चढत गेले की त्याला 'दिबिन' म्हणतात. पण काम संपत मात्र नाही. बेट हळूहळू खाली बसत राहते, वसंतात डोंगरातला बर्फ वितळला की पाणी वर चढते, म्हणून दरवर्षी नवा थर द्यावाच लागतो. आपण दर पावसाळ्याआधी कौले शाकारतो. तिथे अंगणच शाकारावे लागते, एवढाच फरक.

१९५३ साली शाकिर मुस्तफा सलीम हे इराकी मानववंशशास्त्रज्ञ या गावात राहिले आणि पुढे १९६२ मध्ये त्यांचे पुस्तक आले. हे आम्हाला विशेष वाटते. कारण या प्रदेशाबद्दल जगाने ऐकले ते बहुतेक इंग्रज प्रवाशांकडून. त्यांच्यातले विल्फ्रेड थेसिजर तर १९५१ पासून सात-आठ वर्षे तिथे जाऊन-येऊन राहत होते. होडीतून औषधांची पेटी घेऊन फिरत, आणि त्यांचे १९६४ चे पुस्तक आजही वाचले जाते. पण थेसिजर यांना जुने जग जसेच्या तसे राहावे असे वाटे. सलीम त्याच देशाचे. शेख कोण, जमीन कोणाची, चटया विणून पोट कसे भरते, कोण कोणाला मुलगी देतो, कोण देत नाही, हे त्यांनी पाहिले. त्यांच्या चिबायिशमध्ये शेकडो छोटी बेटे होती आणि शेजाऱ्याकडे मीठ मागायला जायचे तरी होडी काढावी लागे. मशहूफ म्हणतात त्या होडीला. लांब, अरुंद, पुढचे टोक वर वळलेले आणि बाहेरून डांबर फासलेली. उर या प्राचीन शहराच्या राजांच्या थडग्यांत शंभरेक वर्षांपूर्वी उत्खनन झाले, तेव्हा चांदीची एक छोटी नाव मिळाली. साडेचार हजार वर्षांपूर्वीची. तिचा आकार आणि आजच्या मशहूफचा आकार शेजारी ठेवून पाहावा.

या होड्या बनवणारे कारागीर बहुतेक साबी, म्हणजे मंदाई लोक. कुरआन शरीफमध्ये यहुदी आणि नसारांच्या बरोबरीने ज्या साबियींचा उल्लेख येतो, त्यांच्याशी यांचे नाव जोडले जाते. वाहत्या पाण्याशिवाय यांची इबादत होत नाही. होडी त्यांची, बोरू यांचा, असा हा जुना शेजार.

चिबायिशची मुख्य वस्ती बनी असद कबिल्याची. करबलाच्या मैदानात शहीद झालेल्यांना दफन करायला जे पुढे आले ते बनी असदचे लोक, ही रिवायत आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. त्याच कबिल्याच्या शाखा पुढे पाण्याच्या आश्रयाला येऊन राहिल्या आणि चटया विणू लागल्या. त्या चटईला 'बारिया' म्हणतात. आपण 'बोरिया-बिस्तर गुंडाळला' म्हणतो, त्यातला बोरिया त्याच कुळातला शब्द आहे. चार हजार वर्षांपूर्वीच्या अक्कदी भाषेतही त्याचा पूर्वज सापडतो.

आता घर. साधे घर अगदी लहान असते. दोन मीटरच्या थोडे वर रुंद, सहा मीटर लांब, माणूस आत उभा राहील एवढे उंच. दोन्ही टोकांना दारे, मध्ये बोरूचा पडदा. एका बाजूला माणसे, दुसऱ्या बाजूला थंडीवाऱ्यात म्हशी. थोड्या ऐपतीच्या माणसाचे 'रबा', ज्यात पाहुणाही उतरतो. आणि गावाचे किंवा शेखचे ते 'मुजीफ'. हेच खालांनी पाहिले.

मुजीफ हा शब्द आपल्याला अनोळखी नाही. जियाफत ज्या धातूपासून आली त्याच धातूपासून मुजीफ, म्हणजे जिथे जैफची, पाहुण्याची, सोय होते ती जागा. बांधायची रीत अशी. सर्वात उंच आणि जाड बोरू निवडून त्यांच्या मोळ्या बांधतात. बुडाशी मोळी माणसाच्या कवेत न मावेल एवढी आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली. जमिनीत समोरासमोर दोन रांगांत खड्डे खणून या मोळ्या रोवतात, पण सरळ नाही, बाहेरच्या बाजूला कलत्या. मग वर चढून समोरासमोरची टोके आत वाकवून एकमेकांत गुंफून बांधतात. बाहेर कललेली मोळी आत ओढली की ती ताणात राहते, आणि हा ताणच घराला उभे ठेवतो. कमानींची संख्या नेहमी विषम. सात, नऊ, अकरा, ज्याची जेवढी ऐपत. त्यांच्यावरून आडव्या बारीक मोळ्या बांधायच्या आणि त्यावर चटया पसरायच्या. दोन्ही टोकांच्या भिंती जाळीदार, म्हणजे वारा आत खेळतो आणि उन्हाचे कवडसे पडतात. उन्हाळ्यात बाहेर पारा पन्नास अंशांकडे सरकतो, तेव्हा आत बसून पाहावे म्हणजे या जाळीची किंमत कळते. बांधायच्या दोऱ्यासुद्धा बोरूच्याच. माणसे पुरेशी असली तर चार-सहा दिवसांत घर उभे.

आणि टिकते किती? दहा-पंधरा वर्षे. मग उतरवायचे आणि नवे बांधायचे. खालांना हे सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "एवढी मेहनत, आणि पंधराच वर्षं?" आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये उरूक शहरातले एक दगडी द्रोण आहे, पाच हजार वर्षांहून जुने. त्यावर कोरलेल्या चित्रात मेंढ्या एका घरातून बाहेर येताहेत आणि ते घर बोरूचे आहे, मोळ्या बांधलेले, टोके वर निघालेली. म्हणजे घर पंधरा वर्षांचे, पण घराची रीत पाच हजार वर्षांची. ज्या विटांच्या महालांनी टिकण्याचा हट्ट धरला ते उर आणि उरूक आज मातीचे ढिगारे आहेत. सामान दारातच उगवते, दरवर्षी उगवते आणि बापाने बांधलेले घर उतरवून मुलगा नवे बांधताना ते शिकतो. जोवर पाणी आहे तोवर.

मुजीफचे रिवाज साधे आहेत. दाराला कुलूप नाही. जो येईल तो आत येतो, सलाम करतो, चपला काढून बसतो. मध्यभागी चूल, तिच्याभोवती चोचवाली कॉफीची भांडी. कॉफीचे दाणे कुटण्याचा आवाज पाण्यावरून लांब जातो, आणि तेच आमंत्रण. पाहुण्याने खाऊन-पिऊन होईपर्यंत त्याला 'कुठून आलात, काय काम काढलेत' असे विचारायचे नाही. मेहमानी तीन दिवसांची आणि त्यापुढचा सदका, ही हदीस आपण ऐकतो. तिथे तिच्यासाठी एक अख्खी इमारतच बांधली आहे.

पण सारे गोड चित्रच रंगवायचे तर ते खरे होणार नाही. मोठमोठे मुजीफ ज्या शेखांचे होते, त्यांतले पुष्कळ जण जमीनदार म्हणून कठोर होते, आणि त्यांच्या त्या देखण्या कमानी कबिल्याच्या माणसांनी फुकट राबून उभ्या केल्या होत्या. जाचाला कंटाळून अमाराच्या बाजूचे हजारो लोक १९५० च्या आगेमागे बगदादला पळाले, तिथे शहराच्या कडेला पुन्हा तशाच बोरूच्या आणि मातीच्या 'सरीफा' बांधून राहिले. त्यांच्यासाठी पुढे जी वसाहत झाली तीच आजची सद्र सिटी. शहरातले लोक या पाण्यातल्यांना 'मआदान' म्हणत आणि त्या शब्दात तुच्छता असे. शिवाय मुजीफ पुरुषांचा. त्या तीन दिवसांच्या मेहमानीसाठी तांदळाच्या पिठाची रोटी थापणाऱ्या, मासे भाजणाऱ्या, पहाटे होडी घेऊन म्हशींसाठी हिरवे बोरू कापून आणणाऱ्या बायका मुजीफच्या आत क्वचितच दिसत. पुस्तकांतही त्या क्वचितच दिसतात.

म्हशींचे तर स्वतंत्र पान व्हायला हवे. कारण या म्हशी आपल्या बाजूच्या आहेत! बलाजुरी या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की उमय्या काळात हज्जाजने सिंधमधून 'जुत' लोकांना, म्हणजे जाटांना, बायकामुलांसकट आणि म्हशींसकट आणून या दलदलीच्या मुलखात वसवले. पुढे हे जुत इतके बळावले की बसऱ्याहून बगदादला जाणारी रसद अडवू लागले. अखेर खलिफा मुअतसिमच्या फौजेने त्यांना ८३४ साली शरण आणले, होड्यांत बसवून बगदादला नेले आणि तिथून थेट रूमी सरहद्दीवर धाडले. काही वर्षांनी रूमींनी हल्ला करून त्यांना पकडून नेले, तेव्हाही बायका, मुले आणि म्हशी बरोबर होत्या असे तबरी सांगतात. अर्थात म्हैस त्याआधीही तिथे पोहोचली होती. पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात अक्कद काळातला एक शिक्का आहे, त्यावर पाणी पिणाऱ्या दोन म्हशी स्पष्ट दिसतात, आणि विद्वान तिचा धागा सिंधू खोऱ्याशी जोडतात. या म्हशी सकाळी पोहत चरायला जातात आणि संध्याकाळी आपापल्या बेटावर परततात. त्यांच्या दुधावरची जाड साय, 'गैमर', इराकभर न्याहारीला खातात. वसंतात पाणकणसाच्या पिवळ्या परागांपासून 'खिर्रेत' नावाची मिठाई होते. खालांनी ती चाखली नाही, याचे त्यांना अजून वाईट वाटते.

आणखी एक धागा थेट पुण्याचा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी इराकमध्ये उतरवलेली सहावी डिव्हिजन 'पूना डिव्हिजन' होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या. ३१ मे १९१५ ला कुर्नाच्या उत्तरेला सगळीकडे पूर पसरलेला असताना सैनिकांना 'बेलम' नावाच्या होड्यांत बसवून, बांबूने होडी रेटत, याच बोरूतून तुर्कांवर पाठवले. पुढच्या वर्षी कूत येथे वेढ्यात उपाशी राहून हीच डिव्हिजन शरण गेली. परत न आलेल्यांत सातारा-रत्नागिरीकडची पोरे होती. त्यांनी पाहिलेले हे पाणी कोणी लिहून ठेवले असते तर!

खलिफा आले-गेले, तुर्क आणि इंग्रज आले-गेले. बोरूच्या आत कोणाचे घोडदळ शिरू शकले नाही, म्हणून ज्याला जगण्यासाठी लपायचे असे तो इथे येई. नेमके हेच शेवटी या गावांवर उलटले. १९८० ते ८८ च्या इराण युद्धात हवीजाच्या पाण्यात लढाया झाल्या. १९९१ मध्ये आखाती युद्धानंतर दक्षिणेत सद्दामविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला आणि उरलेले लोक बोरूत शिरले. मग सरकारने माणसांच्या मागे न लागता पाणीच काढून घेतले. बांध घातले, कालवे खणले, दजला-फुरातचे पाणी हौरांना वळसा घालून समुद्राकडे नेले. १९९२ मध्ये पुरा झालेला एक कालवा ५६५ किलोमीटर लांब होता आणि त्याला सद्दामचेच नाव दिले होते. गावे जाळली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २००१ मध्ये उपग्रहाची छायाचित्रे जुळवून पाहिली, तर या पाणथळ प्रदेशाचा नव्वद टक्के भाग नाहीसा झालेला. ह्यूमन राइट्स वॉचच्या २००३ च्या अहवालानुसार १९९१ मध्ये हौरांत अडीच लाखांहून अधिक लोक होते, ते कदाचित चाळीस हजारांवर आले असावेत. काही इराणच्या छावण्यांत गेले, काही बसऱ्याच्या कडेला सिमेंटच्या ठोकळ्यांच्या खोल्यांत. जी मुले त्या दहा-बारा वर्षांत वाढली, त्यांना मोळी कशी बांधतात हे शिकवायला बापाजवळ बोरू नव्हता.

२००३ च्या वसंतात सद्दामची सत्ता पडली आणि कोणाच्या हुकमाची वाट न पाहता लोकांनी फावडी, कुदळी, मिळेल त्या यंत्राने बांध फोडले. पाणी आत आले. भेगाळलेल्या जमिनीत बोरूची मुळे जिवंत होती, काही महिन्यांत कोंब वर आले. अज्जाम अलवश हे इंजिनिअर अमेरिकेतले स्थिर आयुष्य सोडून परतले. त्यांचे वडील याच भागात पाटबंधाऱ्याचे काम पाहायचे आणि लहानग्या अज्जामला होडीतून बरोबर न्यायचे. त्यांनी उभ्या केलेल्या कामासाठी २०१३ मध्ये त्यांना गोल्डमन पारितोषिक मिळाले. जुलै २०१६ मध्ये युनेस्कोने हे हौर जागतिक वारशात घेतले. परतलेल्या लोकांना मात्र वारशाबरोबर वीज, शाळा आणि दवाखानाही हवा होता. चटईच्या घरात राहणाऱ्याने टीव्ही पाहू नये, असे वाटणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आज चिबायिशमध्ये विटांची घरे पुष्कळ आहेत, आणि विटांच्या घराशेजारी मुजीफ बोरूचाच बांधायचा, असेही लोक करतात.

आता पाणी पुन्हा आटते आहे, आणि या वेळी बांध एका माणसाने घातलेला नाही. वर तुर्कस्तानात इलिसू धरण २०१९ पासून भरू लागले, इराणने करखा नदी अडवली, इराकमध्ये शेतीला पाणी पाटाने वाया जाते आणि पाऊसही हुलकावणी देतो. वरून येणारे पाणी कमी झाले की हौरातले साचून तापते, वाफ होऊन जाते आणि मीठ मागे राहते. खालून शत्तुल अरबमधून समुद्राचे खारे पाणी वर चढते. २०२३ च्या उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने ही चाळीस वर्षांतली सर्वांत वाईट स्थिती असल्याचे सांगितले. म्हशीला रोज प्यायला आणि डुंबायला गोडे पाणी लागते. खारे पाणी पिऊन त्या आजारी पडतात, दूध आटते, मग मालक एकेक विकत निघतो. आणि बोरू खाऱ्या पाण्यात उगवतो खरा, पण खुरटा आणि बारीक. त्याची चटई होईल. वीस फुटी कमान त्याची होणार नाही.

हे सगळे लिहून झाल्यावर आम्ही खालांना वाचून दाखवले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग आम्हीच विचारले, "खाला, तुम्ही ज्या मुजीफमध्ये चहा घेतला, त्याच्या मागे पाणी होतं का?"

खालांनी डोळे बारीक करून आठवून पाहिले. "पाणी? नाही बा. रस्त्याच्या कडेला होतं ते, दोन्हीकडं माळ. पाणी आम्हाला त्यांनी बाटलीतलं दिलं."